आमच्या हेराल्ड गाडीचा मागील पाटा

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला, आणि तो मिटतां मिटतां माघ महिना उजाडला. वाद वाटणीचा नव्हता कीं लग्नकार्याचा नव्हता. मागील अंगणांतील पडवींत ४० हून अधिक वर्षें उभी असलेली आमच्या कै. वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड मोटार पुन्हा रस्त्यावर आणावी कीं नाहीं, आणि आणावयाची तर तिच्या मागच्या चाकांची रचना जशीच्या तशी ठेवावी कीं तींत बदल करावा, एवढाच प्रश्न होता. परंतु एकत्र कुटुंबांत एवढासा प्रश्नहि किती शाखा फोडतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

दादाचें, म्हणजे आमच्या वडील बंधूंचें, म्हणणें असें: "आबांची गाडी आहे. तिच्या एका चाकीलाहि हात लावावयाचा नाहीं." वहिनींचें म्हणणें याच्या नेमकें उलट. "भावोजी, त्या गाडीनें मामंजींना दरीच्या तोंडाशीं नेऊन उभें केलें होतें, हें मी विसरलें नाहीं. तिचें मागचें दुखणें बरें झाल्याशिवाय माझीं नातवंडें तींत बसणार नाहींत." दादाचा मुलगा पुण्यास एका कारखान्यांत अभियंता आहे. एंजिन, ब्रेक, विजेच्या तारा हें सर्व त्यानें सुट्या काढून काढून दीड वर्षांत जिवंत केलें होतें. तो म्हणाला, "काका, त्यांत काय एवढें? मागची कमान आणखी ताठ करूं, शॉकॉब्सर्बर कडक घालूं, म्हणजे वळणावर गाडी झुकणारच नाहीं." आम्ही सेवानिवृत्त, हाताशीं वेळ भरपूर, आणि तिन्ही पक्षांशीं सलोखा, म्हणून निवाडा आमच्याकडे आला. यंत्रशास्त्राशीं आमचा संबंध शाळेंत पदार्थविज्ञानाचे तास बदलीवर घेण्यापुरताच. तरी त्या तीन महिन्यांत आम्हीं जें वाचलें, मोजलें आणि प्रत्यक्ष पाहिलें तें येथें सांगत आहों. ज्यांच्या घरीं अशी एखादी जुनी, अल्पशक्तीची गाडी असेल त्यांना त्याचा उपयोग होईल. शिवाय आबांच्या बाबतींत एक ऋण फेडणें आहे. तें ओघानें येईलच.

हेराल्ड ही मूळची इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरची. स्टँडर्ड-ट्रायंफ कंपनीनें ती एप्रिल १९५९ मध्यें बाजारांत आणली. तिचें बाह्यांग इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ति यांनीं रेखाटलें. यांत्रिक बाजू हॅरी वेब्स्टर यांनीं सांभाळली. त्या सुमारास बहुतेक नव्या गाड्यांची बॉडी व सांगाडा एकजीव होत चालला होता. हेराल्डला मात्र जुन्या धर्तीची निराळी चॅसिस होती. पुढचें अवघें बॉनेट मडगार्डांसकट पुढें उलथतां येई, आणि एंजिन तुळशीवृंदावनासारखें चहूंकडून मोकळें होई. सुमारें २५ फुटांच्या वर्तुळांत ती वळे. आमच्या गल्लींत हा गुण फार मोलाचा ठरला. एंजिन ९४८ घनसेंटिमीटरचें, शक्ति सुमारें ३५ अश्वशक्ति. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीनें ती आपल्या देशांत काढण्यास आरंभ केला. आमची गाडी १९६६ ची, दोन दारांची. आबांनीं ती १९७४ सालीं दुसऱ्या हातची घेतली. पुढची बैठक दुमडून मागें शिरावें लागे, आणि नऊवारी लुगडें सांवरून मागें बसणें ही एक कसरतच होती. पण घरांतल्या बायकांनीं त्याबद्दल कधीं तक्रार केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

आतां मागच्या चाकांकडे वळूं.

बैलगाडीचा आंस अखंड असतो. एक चाक दगडावर चढलें तर आंस तिरपा होतो आणि त्याबरोबर दुसरें चाकहि कलतें. सामान्य मोटारींत व ट्रकांत मागचा आंस असाच एकसंध असे. हेराल्डच्या रचनाकारांनीं तो मध्यें तोडला. मधोमध डिफरन्शियलचें जड हाऊसिंग चॅसिसला पक्कें बसविलें, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस क्रॉस-जॉइंटनें जोडलेले दोन अर्धे आंस सोडले. प्रत्येकाच्या बाहेरच्या टोकाला चाक. म्हणजे डावें चाक खड्ड्यांत गेलें तर उजव्याला त्याची वार्ताहि नसावी, अशी योजना. यास डोलता आंस म्हणतां येईल. मागील सगळा भार एकाच आडव्या पाट्यांच्या कमानीवर: तिचा मध्य हाऊसिंगच्या पाठीवर बोल्टांनीं आवळलेला, आणि दोन टोकें दोन चाकांच्या अंगाशीं. कावड खांद्यावर घेतलेल्या माणसाची आकृति डोळ्यांपुढें आणावी. खांदा म्हणजे हाऊसिंग आणि दांडी म्हणजे पाटे.

(येथें एका जुन्या व्यसनाबद्दल वाचकांची क्षमा मागतों. आंस हा शब्द संस्कृत 'अक्ष' यापासून आला, आणि लॅटिन व इंग्रजी भाषांतील ॲक्सिस, ॲक्सल हे त्याचेच भाऊबंद. 'सुख' शब्दाची एक व्युत्पत्ति तर अशी देतात कीं, 'ख' म्हणजे चाकाच्या तुंब्यांतील आंसाचें छिद्र. तें ज्याचें चांगलें तो रथ 'सुख'. ऋग्वेदांत हा शब्द रथाचें विशेषण म्हणून येतोहि. आमच्या पुतण्यास हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "मग काका, आपल्या गाडीचें सुख क्रॉस-जॉइंटांत आहे." पोरगा संस्कृत न शिकतांहि भाष्य करूं लागला याचा आम्हांस आनंद झाला.)

या रचनेचा एक स्वभाव नीट ध्यानांत घेतला पाहिजे. चाक अर्ध्या आंसाशीं काटकोनांत जखडलेलें असतें. म्हणून आंस वरखालीं झाला कीं चाक कलतें. उघडी छत्री मिटत आणली म्हणजे तिच्या काड्यांचीं टोकें खालीं येतां येतां जवळ येतात, तसेंच येथें. गाडीचें मागचें अंग वर उचललें गेलें कीं दोन्ही आंस खालीं लोंबतात, चाकांचे पाय आंत ओढले जातात आणि माथे बाहेर पडतात. उलट मागें चार माणसें बसून गाडी खालीं दबली कीं माथे आंत येतात आणि चाकें पाय फांकून उभ्या राहिलेल्या मल्लाप्रमाणें भक्कम दिसतात. अर्धा आंस समजा अर्धा मीटर लांबीचा आहे. चाक ५ सेंटिमीटर खालीं लोंबलें कीं तें जवळजवळ ६ अंशांनीं कलतें. हा आंकडा लहान नव्हे.

वळणावर काय होतें? बाहेरच्या चाकास रस्ता आंतल्या बाजूस ढकलीत असतो. त्या वेळीं गाडीचें बूड वर असेल आणि आंस खालीं उतरता असेल, तर तो आडवा रेटा तिरप्या आंसावाटे गाडीच्या अंगास वरच उचलतो. अंग वर गेलें कीं चाकाचा पाय आणखी आंत जातो. पाय आंत गेला कीं रेटा आणखी उचलतो. टायर मग रस्त्यावर सपाट न टेकतां कडेवर उभा राहतो, त्याची पकड सुटते आणि गाडीची शेपटी बाहेर फेंकली जाते. हें सर्व घडावयास क्षण पुरतो. आणि तो क्षण बहुधा केव्हां येतो? चालक वळणांत शिरल्यावर भिऊन ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो किंवा ब्रेक दाबतो तेव्हां. कारण त्यामुळें भार पुढें सरतो, पुढचें अंग दबतें आणि मागचें वर येतें.

हें वाचून आम्हीं पुस्तक मिटलें आणि बराच वेळ ओटीवर बसून राहिलों.

त्याचें कारण असें. १९७८ च्या उन्हाळ्यांत गाडीचे मागचे पाटे बसल्यासारखे दिसूं लागले होते. घरांत माणसें नऊ. गाडींत पांच-सहा तर नेहमींच. मागें चौघें बसलीं कीं मडगार्ड टायरावर टेकतें कीं काय असें वाटे. आम्ही त्या वेळीं एकोणीस वर्षांचे, कॉलेजांत जाणारे, आणि त्यामुळें सर्वज्ञ. "आबा, एक जादा पाटा घालून घेऊं," ही सूचना आमची. गाडी सातारला एका मिस्त्रीकडे नेली तीहि आम्हींच. त्यानें सांगितलें तें निमूट केलें. ट्रकांना जादा पाटा घालण्याची चाल त्याला अंगवळणी होती, आणि आम्हीं मागितलें तेंच त्यानें दिलें, म्हणून त्याला बोल लावण्याचें कारण नाहीं. गाडी चार बोटें वर आली. सगळें कुटुंब बसलें कीं ती आतां ऐटीनें समतल उभी राही. घरांत आमची वाहवा झाली.

पुढच्या वर्षीं, म्हणजे १९७९ च्या श्रावणांत, आबा आणि आम्ही घरच्या मंडळींना पांचगणीस एका नातलगांकडे पोंचवून वाईस परत येत होतों. गाडींत आम्ही दोघेच, दोघेहि पुढें; मागची बैठक रिकामी. पसरणीच्या घाटांत झिमझिम पाऊस होता. आबा सावकाश चालविणारे. त्या दिवशींहि वेग बेताचाच होता. एका डाव्या वळणांत समोरून एस. टी. आली. आबांनीं पाय उचलला आणि ब्रेकला स्पर्श केला. मागून कोणी शेपटी धरून फिरवावी तशी गाडी फिरली. तिचें तोंड डोंगराकडे, पाठ दरीकडे, आणि मागचा बंपर कठड्याला टेकला. एस. टी. थांबली, लोक उतरले. आबांचें उजवें मनगट मुरगळलें होतें, आम्हांस खरचटलेंहि नव्हतें. आबा खालीं उतरून कठड्यापाशीं उभे राहिले आणि म्हणाले, "माझा हात चुकला."

त्यानंतर ते पुन्हा स्टिअरिंगवर बसले नाहींत. वय अवघें अठ्ठावन्न. १९९६ मध्यें वारले तोंपर्यंत सातारला जावयाचें तर ते एस. टी. नें जात. कोणी विचारलें तर तेंच सांगत: हात चुकला. गाडी पडवींत गेली ती गेली.

आतां हिशेब पाहावा. गाडी रिकामी, म्हणजे मागचें बूड आधींच वर. त्यांत आमचा जादा पाटा. म्हणजे तें आणखी वर आणि मागची कमान अधिक ताठ. उतार, म्हणजे भार पुढें. रस्ता ओला. वळणांत पाय उचललेला. डोलत्या आंसाची गाडी बिथरावी म्हणून जें जें लागतें तें सर्व त्या एका क्षणीं जमून आलें होतें, आणि त्यांतली दोन कारणें आम्हीं आमच्या हातांनीं बसविलेलीं होतीं. भरल्या घरास जी गाडी मुकाट्यानें वाही ती एकट्यादुकट्यावर उलटे. मूळ पाटे असते तर तो प्रसंग टळलाच असता असें छातीठोकपणें म्हणतां येणार नाहीं. पण आबांचा हात चुकला नव्हता एवढें खास.

पुतण्याचा उपाय, म्हणजे मागची कमान आणखी ताठ करण्याचा, याच जातीचा होता. तसें पाहिलें तर तो कोणासहि सुचेल. गाडी मागें घसरते ना? मग मागचें अंग घट्ट करा! परंतु वळणावर जें वजन आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतें, त्याचा मोठा वांटा ज्या टोकाची कमान ताठ असेल त्या टोकास सोसावा लागतो. मागचें टोक ताठ केलें कीं मागच्या बाहेरच्या चाकावर बोजा वाढतो, आणि तेंच चाक तर पाय आंत घेऊन पडावयास टपलेलें. आणि ताठपणा किती झपाट्यानें वाढतो पाहा: पाट्याची जाडी सव्वापट केली कीं त्याचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणांत असतो.

डोलत्या आंसाची कल्पना हेराल्डहून पुष्कळ जुनी. एडमुंड रुम्प्लर या ऑस्ट्रियन यंत्रज्ञानें १९०३ मध्यें तिचें पेटंट घेतलें होतें. पुढें जर्मनींतील फोक्सवॅगन, मर्सिडीझ अशा गाड्यांनीं ती वापरली. मर्सिडीझनें १९५४ पासून तिचा सांधा खालीं आणून दोष कमी केला. अमेरिकेंत शेव्हरले कॉर्व्हेअर गाडीवरून १९६५ मध्यें रॅल्फ नेडर यांच्या पुस्तकानें मोठा गदारोळ माजविला. त्या कंपनीनें १९६४ च्या गाडींत कांहीं सुधारणा केल्या होत्या आणि १९६५ ला रचनाच पालटली. हे सर्व ओझरतें सांगितलें, कारण आम्हांस हवा होता हेराल्डच्या घरचा इलाज, आणि तो दोन ठिकाणीं, दोन निराळ्या प्रकारें झालेला आढळला.

पहिला कॉव्हेंट्रीस. हेराल्डच्याच चॅसिसवरून उतरलेल्या दोन लिटरच्या बलवान गाड्यांना, व्हिटेस व जीटी-सिक्स यांना, १९६८ मध्यें खालून जादा भुज आणि रबरी जोड देऊन चाकें सरळ उभीं ठेवण्याची व्यवस्था केली. ती चांगली होती, पण खर्चाची. मग १९७० च्या अखेरीस स्पिटफायर या दोन माणसांच्या लहान गाडीच्या चौथ्या आवृत्तींत एक स्वस्त आणि, आमच्या मतें, फार सुंदर युक्ति केली. सगळे पाटे हाऊसिंगला आवळण्याऐवजीं सर्वांत खालचा पाटा तेवढा आवळला. वरचे सारे मध्यावर तराजूच्या दांडीसारखे डोलते ठेवले. दोन्ही चाकांवर सारखा भार आला कीं सर्व पाटे मिळून तो उचलतात. पण वळणावर गाडी एका अंगास झुकली कीं वरचा जुडगा नुसता डोलतो, विरोध करीत नाहीं. विरोध करतो एकटा खालचा पाटा. मग गाडी फार कलंडूं नये म्हणून पुढच्या चाकांमधील अँटीरोल बार जाड केला. त्यामुळें वळणाचा बोजा पुढच्या टायरांनीं सोसावा, मागच्यांनीं हलकें राहावें, अशी वांटणी झाली. ज्या ठिकाणीं लोक आवळावयास धांवतात तेथें त्या माणसांनीं सैल सोडलें. १९७३ मध्यें बलवान जीटी-सिक्सलाहि तो खर्चिक जोड काढून हाच डोलता पाटा देण्यांत आला.

दुसरा इलाज मद्रासेस. तेथील कंपनीनें १९७२ मध्यें हेराल्डचा उत्तराधिकारी म्हणून गॅझेल ही गाडी काढली. एंजिन तेंच ९४८ चें, पण मागचा आंस पुन्हा एकसंध. आपल्याकडील गिऱ्हाइकांना आणि मिस्त्रींना तो डोलता आंस रुचला नव्हता. एकसंध आंस खड्ड्यावर अधिक आदळतो खरा, परंतु चाकें उभीं राहतात आणि खेड्यांतल्या मिस्त्रीलाहि त्याचें मर्म ठाऊक असतें. हा पराभव नव्हे. आपल्या रस्त्यांचा विचार करून घेतलेला तो शहाणा निर्णय होता, असें आम्हांस वाटतें.

अल्पशक्तीच्या गाडीस दणकट कमानी कशाला, हा आमचा दुसरा मुद्दा. बलवान गाडींत ॲक्सिलरेटर दाबला कीं मागचें अंग खालीं बसतें, आणि कसलेला चालक त्या जोरावर बिघडलेलें वळण सांवरूंहि शकतो. पस्तीस अश्वशक्तींत ती मिजास नाहीं. आमच्या गाडीला जोरानें बिथरणें जमत नाहीं. पाय काढला म्हणजेच ती बिथरते. तेव्हां शर्यतीच्या गाड्यांचे तोडगे आणून तिच्या अंगावर लादणें म्हणजे म्हाताऱ्या आजोबांना तालमींत उतरविण्यासारखें आहे. तिला हवी ती एवढीच गोष्ट: मागची चाकें कधींहि पाय आंत घेऊन उभीं राहूं नयेत.

कायद्याचीहि बाजू पाहिली. २०२१ मध्यें केंद्र सरकारनें ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं निराळे नियम केले. त्यांत गाडी मूळ स्वरूपांत असावी, चॅसिस, बॉडी वा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. गॅझेलसारखा अखंड आंस बसवावयाचा तर आमच्या चॅसिसला नवे आधार डकवावे लागले असते. तो मार्ग तेथेंच संपला. दादाची मुद्रा उजळली.

स्पिटफायरचा डोलता पाटा विलायतेंत आजहि नवा मिळतो, आणि पुतण्याचें मन आतां त्यावर जडलें होतें. युक्ति आम्हांसहि मोहक वाटली होती हें वर आलेंच आहे. परंतु तो पाटा दोन माणसांच्या गाडीसाठीं केलेला. आमच्या मागच्या बैठकीवर वहिनी, सूनबाई आणि दोन नातवंडें बसावयाचीं. शिवाय हाऊसिंगवरील स्टड बदलावे लागतात. म्हणून त्या युक्तींतील तत्त्व घ्यावें आणि वस्तु घेऊं नये, असा निवाडा आम्हीं दिला. मागचे मूळ पाटे ठेवावे, आमचा जादा पाटा काढावा, उंची मूळपदावर आणावी, आणि पुढचा अँटीरोल बार तेवढा अधिक जाडीचा घालावा. बाराचा पीळ-ताठपणा जाडीच्या चतुर्थ घाताप्रमाणें वाढतो. सव्वापट जाडीचा बार जवळजवळ अडीचपट ताठ. हा बार बोल्टांनीं बसतो आणि बोल्टांनीं निघतो. जुना तेल लावून माळ्यावर ठेवला आहे. म्हणजे दादाचीहि प्रतिज्ञा फारशी मोडली नाहीं.

बार विलायतेहून मागविला. टपालखर्च वस्तूच्या किमतीशीं स्पर्धा करीत होता. पाटे काढणें हें आम्हीं समजत होतों त्याहून जिकिरीचें निघालें. मागची बैठक काढून तिच्या पाठीमागचें झांकण उघडावें लागतें, तेव्हां कोठें हाऊसिंगवरच्या चाक्या दिसतात. आणि चाळीस वर्षांच्या गंजानें त्या एकजीव झालेल्या. ताणलेला पाटा सुटतांना हाताचें बोट घेऊन जाईल अशी त्याची ताकद असते; तें काम ट्रकांचे पाटे करणाऱ्या एका जाणत्या माणसाच्या हवालीं केलें आणि आम्ही दूर उभे राहिलों. पाटे सुटे करून घासले, ग्रीस लावलें, उतरलेला बाक पुन्हा दिला. शॉकॉब्सर्बर नवे घातले, कारण आंस किती खालीं लोंबावा याला शेवटीं लगाम त्यांचाच असतो.

चाकांचा कल मोजावयास मोठें यंत्र लागत नाहीं. ओळंबा घ्यावा, चाकासमोर सोडावा, आणि दोऱ्यापासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचें अंतर मोजावें. आमच्या रिमच्या दोन कडांत सुमारें ३५ सेंटिमीटर अंतर भरतें. म्हणून दोन मापांत ६ मिलिमीटर फरक म्हणजे १ अंश. जादा पाटा असतांना रिकाम्या गाडीचीं चाकें माथ्यावर १८ मिलिमीटर बाहेर होतीं, म्हणजे ३ अंश. नवी बांधणी झाल्यावर पहिलें माप घेतलें तों तेंच पुन्हा! पुतण्या आणि आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलों. दादा तर "मी सांगितलेंच होतें" म्हणण्याच्या तयारींत. मग ध्यानांत आलें कीं, गाडी जॅकवरून नुकतीच उतरली होती. लोंबलेलीं चाकें टायरांच्या घर्षणामुळें आडवीं सरकूं शकत नाहींत, तशींच अडकून राहतात. गाडी दहा पावलें पुढें, दहा पावलें मागें ढकलली, तेव्हां ती आपल्या जागीं बसली. रिकामी असतां फरक शून्य. पुढें दोघे बसल्यावर माथे ६ मिलिमीटर आंत. मागें चौघें बसल्यावर १८ आंत. ज्यांना हें करून पाहावयाचें असेल त्यांनीं ती ढकलण्याची पायरी विसरूं नये. टायर चारहि एका जातीचे असावे, आणि मागच्यांत हवा पुढच्यांहून अधिक, गाडीच्या पुस्तकांत लिहिली असेल तशी. पेट्रोल-पंपावरचा मुलगा चारही सारखे भरतो, त्यास थांबवावें.

प्रथम एका मोकळ्या मैदानावर चार दिवस फिरून झालें. मग माघांतल्या एका सकाळीं, रहदारी सुरू होण्यापूर्वीं, पुतण्या आणि आम्ही पसरणीचा घाट चढून पुन्हा उतरूं लागलों. पुढें दोघेच; मागची बैठक मुद्दाम रिकामी ठेविली होती. तें वळण आलें. कठडा आतां नवा आहे. वेग बेताचा होता, तेव्हां होता तितकाच. "पाय उचल," आम्हीं म्हटलें. त्यानें उचलला. गाडीचें नाक किंचित् बाहेर सरकलें, शेपटी त्याच्यामागून निमूट आली, आणि आम्ही वळणाच्या पलीकडे होतों. दुसरें कांहींहि घडलें नाहीं. आम्हीं गाडी थोडी पुढें कडेला थांबवावयास सांगितली आणि खालीं उतरून जरा वेळ उभे राहिलों. पुतण्यानें कारण विचारलें नाहीं.

घरीं आल्यावर दादाला जादा पाट्याची हकीकत सांगितली: सूचना कोणाची, नेली कोणीं, आणि त्याचा परिणाम काय. इतकीं वर्षें त्याच्याहि मनांत आबांचाच हात होता. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "हें आबा असतांना कळावयास हवें होतें." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

वहिनींनीं ओळंब्याचे आंकडे दोनदां विचारून घेतले, आणि पुढच्या रविवारीं नातवंडांसह मागें बसल्या. तो काढलेला पाटा पडवींत पडला होता. पोलाद उत्तम, त्यांनीं तो लोहाराकडे देऊन त्याच्या तुकड्याची विळी करून घेतली. धार चांगली लागली आहे. गेल्या संकष्टीला मोदकांचा नारळ तिच्यावरच खवला.